दुसऱ्या खुर्चीवरच्या बायका : युद्धानंतरचा नेपाळ आणि आपला जिल्हा

काटोलकरीण
२४ ऑक्टोबर २०२५, रात्री ९.१५

नमस्कार मंडळी. काल भाऊबीज आटोपली, पाहुणे गेले, घर जरा शांत झालं. बरेच दिवस मनात घोळत असलेला विषय आज लिहायला घेतेय. लांबलचक होणार आहे, सवडीने वाचा.

मी अठरा वर्षं आपल्या नागपूर जिल्ह्यातल्या महिला सरपंच आणि ग्रामपंचायत सदस्यांची प्रशिक्षणं घेते. काटोल, नरखेड, मौदा, पारशिवनी, भिवापूर अशी फिरस्ती चालू असते. त्यामुळे बाई निवडून येते म्हणजे नेमकं काय होतं, हा माझा रोजचा प्रश्न आहे. पण तो नव्याने टोचला तो यंदाच्या दसऱ्याला.

आमच्या कॉलनीचा वॉचमन नेपाळच्या अछाम जिल्ह्यातला. दसऱ्याला तो आणि त्याची बायको माझ्यासोबत दीक्षाभूमीवर आले. गर्दी तुम्हाला ठाऊकच आहे. स्तूप दिसायला लागला तसा त्याने फोन काढला आणि गावच्या वहिनीला व्हिडिओ कॉल लावला. वहिनी तिथल्या वॉर्डाची सदस्य आहे, दलित महिलेसाठी राखीव असलेल्या जागेवर दोनदा निवडून आलेली. नवरा मुंबईत कामाला होता म्हणून तिला हिंदी येतं. ती बराच वेळ नुसती बघत राहिली. मग म्हणाली, बाबासाहेबांच्या गावात तुम्ही राहता, भाग्यवान आहात. मी विचारलं, तुमच्याकडे मीटिंगा कशा होतात? तिने सहज सांगितलं : पहिल्या वर्षी मीटिंगमध्ये चहा यायचा, सगळ्यांचे कप पोऱ्या उचलून न्यायचा, माझा मात्र मला धुऊन ठेवावा लागायचा. मग एकदा मी कप तसाच टेबलावर ठेवून उठले. पुढच्या मीटिंगला चहाच आला नाही. त्यानंतरच्या मीटिंगला आला, आणि कप पोऱ्यानेच उचलला.

ती वॉर्डात आहे कारण कायद्यात तसं लिहिलंय. नेपाळमध्ये १९९६ ते २००६ माओवाद्यांचं युद्ध चाललं, तेरा हजारांच्या वर माणसं गेली. नोव्हेंबर २००६ मध्ये शांतता करार झाला. पण बायकांनी कराराची वाट पाहिली नाही. राजाच्या हातून सत्ता सुटली त्या एप्रिलच्या आंदोलनानंतर महिनाभराने, मे २००६ मध्ये, संसदेत ठराव आला की राज्ययंत्रणेत ३३ टक्के बायका हव्यात. तो मांडणाऱ्या विद्यादेवी भंडारी पुढे राष्ट्रपती झाल्या. २००८ च्या संविधान सभेत ६०१ पैकी १९७ बायका होत्या. त्याआधी, १९९९ च्या संसदेत, २०५ पैकी १२. मधली नऊ वर्षं डोळ्यांसमोर आणा.

२०१५ च्या संविधानाने आणखी खाली, वॉर्डापर्यंत हात घातला. प्रत्येक वॉर्डात अध्यक्ष आणि चार सदस्य. चारांत दोन बायका, आणि त्यातली एक दलित. वॉर्ड ६,७४३. २०१७ मध्ये वीस वर्षांनी स्थानिक निवडणुका झाल्या तेव्हा ३५,०४१ पैकी १४,३५२ बायका निवडून आल्या, म्हणजे जवळजवळ ४१ टक्के. सहा हजारांहून जास्त दलित बायका एका दमात सत्तेच्या टेबलाशी बसल्या. काही वॉर्डांत दलित महिलेचा अर्जच आला नाही, जागा रिकामी राहिली, हेही खरं. पण अख्ख्या दक्षिण आशियात असं दुसरं उदाहरण मला दिसत नाही.

आता मला जे म्हणायचंय ते. कायदा म्हणाला, नगरप्रमुख आणि उपप्रमुख या दोन पदांसाठी पक्षाने दोन उमेदवार दिले तर त्यातली एक बाई हवी. कोणत्या पदासाठी, ते सांगितलं नाही. झालं काय? २०१७ मध्ये ७५३ पालिकांत ७०० उपप्रमुख बायका, आणि प्रमुख फक्त १८. झाडून सगळ्या पक्षांनी बाईला दुसरी खुर्ची दिली. २०२२ मध्ये पक्षांनी आघाड्या केल्या, एकाने प्रमुखपद घेतलं, दुसऱ्याने उपप्रमुखपद. एका पक्षाचा एकच उमेदवार असेल तर अट लागूच होत नाही. त्यामुळे प्रमुख बायका २५ झाल्या खऱ्या, पण उपप्रमुख सातशेवरून साडेपाचशेच्या जरा वर, इतक्या खाली आल्या.

मला वाटतं, देश युद्धातून बाहेर पडतो तेव्हा वर्ष-दोन वर्षं सगळे नियम ओल्या मातीसारखे असतात. तेव्हा जे कोरलं जातं तेच पक्कं होतं. त्या वेळी "बायका हव्यात" एवढंच लिहून भागत नाही. कोणती खुर्ची, कोणाची सही, कोणाच्या हातात पैसा, हे लिहावं लागतं. ३१ ऑक्टोबरला संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेच्या १३२५ क्रमांकाच्या ठरावाला २५ वर्षं होतील. शांततेच्या वाटाघाटींत बायका हव्यात असं सांगणारा हा ठराव. त्या निमित्ताने तुमची मतं वाचायला आवडतील. आपल्याकडचे अनुभवही लिहा.

महालवासी
२४ ऑक्टोबर, रात्री १०.४०

ताई, लेख मनापासून लिहिलाय, म्हणून मीही मनातलं लिहितो. माझा आरक्षणाला विरोध नाही, पण आपल्याकडे १९९३ पासून ३३ टक्के आणि २०११ पासून ५० टक्के जागा आहेत. आमच्या भागात काय पाहिलं? फलकावर बाईचा फोटो, त्याच्या शेजारी तेवढाच मोठा नवऱ्याचा. नळाची तक्रार घेऊन गेलं की बाई आत, साहेब बाहेर. नाव बाईचं आणि कारभार बुवाचा. मग नेपाळमध्ये १४ हजार बायका निवडून आल्या म्हणून बदल झाला असं कशावरून समजायचं? आणि गेल्याच महिन्यात तरुणांच्या आंदोलनात काठमांडूत संसद जळताना आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिली.

काटोलकरीण
२४ ऑक्टोबर, रात्री ११.३०

महालवासी दादा, तुम्ही म्हणता ते मी दर महिन्याला बघते. एक प्रसंग सांगते, गाव सांगत नाही.

ग्रामपंचायतीचे वित्त आयोगाचे पैसे आता चेकने जात नाहीत. ग्रामसेवक संगणकावर रक्कम टाकतो आणि सरपंचाच्या डिजिटल सहीने ती मंजूर होते. ती सही एका छोट्या डोंगलमध्ये असते, अंगठ्याएवढ्या. प्रशिक्षणात मी विचारते, तुमचं डोंगल कुठे आहे? त्या दिवशी २३ सरपंचबाई होत्या. चौघींनी पर्समधून काढून दाखवलं. सात-आठजणी म्हणाल्या ऑफिसात आहे. बाकीच्या एकमेकींकडे बघायला लागल्या. एक बाई उठली, दाराबाहेर गेली, मोटरसायकलवर बसलेल्या नवऱ्याच्या शर्टाच्या वरच्या खिशातून डोंगल घेऊन आली आणि माझ्यासमोर टेबलावर ठेवलं. पासवर्ड तिला माहीत नव्हता. जेवणाच्या सुट्टीत आम्ही तो बदलून घेतला. नवरा चिडला, तिला तिथेच सोडून निघून गेला. ती एसटीने घरी गेली. चार महिन्यांनी तिचा फोन आला, म्हणाली, मॅडम, शाळेच्या संडासाचं बिल मी अडवलंय, दरवाजे लागल्याशिवाय सही करणार नाही.

दादा, ती जागा राखीव नसती तर पासवर्ड बदलायला ती माझ्यासमोर आलीच नसती. कायदा दार उघडून देतो, आतलं सगळं त्यानंतर सुरू होतं. मला राग येतो तो या गोष्टीचा की दार उघडणाऱ्यांनी आतल्या खोल्यांना कुलपं तशीच ठेवली.

नेपाळचं विचारलंत. तिथली ती दुसरी खुर्ची पोकळ नव्हती, हे मी वर लिहायला हवं होतं. संविधानाच्या २१७ व्या कलमाप्रमाणे प्रत्येक पालिकेत तीनजणांची न्यायिक समिती असते आणि तिची प्रमुख असते उपप्रमुख. बांधाचा वाद, पाटाचं पाणी, थकलेली मजुरी, म्हाताऱ्या आईबापांना न सांभाळणं अशा १३ प्रकारच्या तंट्यांत ती समिती निवाडा देते, आणखी ११ प्रकारांत समेट घडवते, त्यात मारहाण आणि फारकतीसुद्धा आल्या. ७०० पालिकांत न्यायासनावर बाई! पोलीस चौकीची पायरी न चढणारी बाई तिच्यासमोर येऊन बोलू लागली. बजेट आखणाऱ्या समितीचं अध्यक्षपदही उपप्रमुखाकडेच. पक्षांना वाटलं आपण बाईला शोभेची खुर्ची दिली, आणि काहीजणींनी त्याच खुर्चीवर बसून पाच वर्षांत स्वतःची माणसं जोडली. म्हणून तर २०२२ मध्ये त्यातल्या कित्येकींनी प्रमुखपदाचं तिकीट मागितलं. पक्षांनी बहुतेकींना नाही दिलं, हे दुखणं वेगळं.

आणि संसद जळाली त्यानंतर देश सांभाळायला कोणाला बोलावलं? सुशीला कार्की यांना. १२ सप्टेंबरला शपथ झाली, नेपाळच्या पहिल्या महिला पंतप्रधान. त्याआधी २०१६ मध्ये पहिल्या महिला सरन्यायाधीशही त्याच होत्या. बनारस हिंदू विद्यापीठात शिकलेल्या.

अभ्यासू पोट्टी
२५ ऑक्टोबर, सकाळी ८.०५

काकू, मी विद्यापीठात राज्यशास्त्र शिकतेय, म्हणून थोडी भर. या विषयात सगळे आधी रवांडाचं नाव घेतात. १९९४ च्या वंशसंहारात आठ लाखांच्या आसपास माणसं मारली गेली. २००३ च्या संविधानात ३० टक्के जागा बायकांना, आणि २०१३ पर्यंत संसदेतल्या ८० पैकी ५१ बायका. जगात पहिला नंबर. पण त्या संसदेत सरकारला विरोध करून दाखवणं बाईलाही जमत नाही आणि पुरुषालाही. १९९४ पासून एकच पक्ष सत्तेत आहे. म्हणून नुसत्या टक्क्यांवर माझा विश्वास बसत नाही. त्यापेक्षा १९९९ चा त्यांचा वारसा कायदा मला मोठा वाटतो, मुलीला मुलाइतका वाटा देणारा. आपल्या महाराष्ट्रानेही १९९४ मध्येच वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना हक्क दिला होता. नावावर जमीन असेल तर बाईचा आवाज बदलतो.

नेपाळबद्दल मात्र एक कडू गोष्ट सांगायलाच हवी. ज्या संविधानाने इतक्या जागा दिल्या त्याच संविधानात नागरिकत्वाच्या बाबतीत आई वडिलांच्या बरोबरीची नाही. बाईने परदेशी माणसाशी लग्न केलं तर मुलांना वडिलांच्या नात्यासारखं सरळ नागरिकत्व मिळत नाही. आणि युद्धात ज्यांच्यावर बलात्कार झाले त्या बायकांना सरकारने दिलेल्या अंतरिम मदतीच्या यादीत धरलंच नाही. मृतांचे वारस, बेपत्ता झालेल्यांचे कुटुंबीय, जखमी, सगळे होते. त्या नव्हत्या. संसदेत एक तृतीयांश बायका असूनही! हे वाचलं तेव्हा मला दोन दिवस काही सुचलं नव्हतं.

हिंगणा नाका
२५ ऑक्टोबर, दुपारी १.२०

ताई, मी काही जास्त शिकलेला नाही, पण लायबेरियाचं मले घरातून मालूम हाये. माह्या मावशीची पोरगी सीआरपीएफात होती. २००७ साली लायबेरियात संयुक्त राष्ट्रांच्या कामावर आपली सगळ्या बायकांचीच पलटण गेली, जगातली पहिली. दरसाली बदलून नवी तुकडी जाये, २०१६ पर्यंत चाललं ते. एका तुकडीत हे पण गेली होती. ते सांगे का आम्ही बंदुका घेऊन रस्त्यानं चाललो का तिथल्या पोट्ट्या मागं मागं येत. एक पोट्टी रोज गेटवर येऊन उभी राहे, बोले काही नाही, फक्त बुटाइकडे पाहे. जायच्या दिवशी तिनं विचारलं, मले पोलिसात घेतीन का?

तिथल्या बायकाइनंच लढाई थांबवली म्हणे. पांढरे कपडे घालून मासळीबाजाराजवळ बसल्या, ख्रिश्चन आन् मुसलमान मिळून. २००३ मध्ये घानात बोलणी चालू होती तिथं जाऊन दारंच अडवली, समझोता केल्याशिवाय बाहेर निघू देत नाही म्हणे. मंग एलेन जॉन्सन सरलीफ निवडून आल्या, बारा वर्षं राष्ट्रपती राहिल्या. २०११ चं नोबेल त्याइले आन् त्या आंदोलनवाल्या लेमा बोवीले भेटलं. मले एवढंच विचारायचं हाये, मंग तिथं आता बायकाइचं राज असन ना?

काटोलकरीण
२५ ऑक्टोबर, दुपारी ३.५०

भाऊ, तुमच्या बहिणीला माझा नमस्कार सांगा. त्या बुटांकडे बघणाऱ्या मुलीची गोष्ट मी माझ्या प्रशिक्षणात सांगणार, परवानगी द्या.

आणि नाही, तिथे बायकांचं राज्य नाही. लायबेरियाच्या संसदेत आजही दहांमागे जेमतेम एक बाई. राष्ट्रपती बाई, नोबेल दोघींना, आणि संसद पुरुषांची. कारण सक्तीचा राखीव जागांचा कायदा तिथे झालाच नाही. पक्षांनी ३० टक्के बायका देण्याचा "प्रयत्न करावा" एवढंच निवडणूक कायद्यात आलं. प्रयत्न करावा म्हटलं की कोणी करत नाही. नेपाळकडे सरलीफ यांच्या तोडीचं जगभर गाजलेलं नाव नव्हतं, पण कलम होतं. श्रीलंकेतही तेच दिसलं. २००९ मध्ये युद्ध संपलं, तरी स्थानिक संस्थांत बायका दोन टक्क्यांच्या आसपासच राहिल्या. २५ टक्क्यांचा कायदा झाला आणि २०१८ च्या एका निवडणुकीत आकडा वीसच्या वर गेला. तेच मतदार, त्याच बायका.

अभ्यासू पोट्टी, तू लिहिलंस ते जिव्हारी लागलं. बलात्कार पीडितांबद्दल मीही आधी वाचलं होतं, पण इथे लिहायला माझा हात धजला नव्हता. तू लिहिलंस ते बरं केलंस.

गोंडवनातून
२५ ऑक्टोबर, रात्री ९.००

मी मूळ धानोऱ्याकडची, नोकरीमुळे नागपुरात, मानेवाड्याला राहते. युद्ध संपलेला देश म्हटलं की सगळे दूर बघतात. आमच्याकडे युद्ध असा शब्द कोणी वापरत नाही, पण माझं लहानपण दोन बंदुकांच्या मध्ये गेलं. ग्रामपंचायतीची निवडणूक लागली की जंगलात पत्रकं पडायची. कित्येक गावांत कोणी अर्जच भरत नसे. बाईची जागा राखीव असे आणि वर्षानुवर्षं रिकामी असे. आता दबाव खूप ओसरलाय. आत्ता, याच महिन्यात, मोठ्या नेत्यासह साठच्या वर नक्षलवाद्यांनी गडचिरोलीत शस्त्रं खाली ठेवली, पेपरात वाचलं असेलच.

मला काळजी त्या शस्त्र ठेवणाऱ्यांतल्या बायकांची वाटते. त्यांनी तिथे हुकूम दिलेत, डोक्यावर ओझं घेऊन पन्नास कोस चालल्यात. आता त्यांना शिलाई मशीन देतील. शिलाई मशीन वाईट नाही, पण ग्रामसभेत बोलायला कोणी बोलावेल का? आमच्या भागात ग्रामसभा स्वतः तेंदूपत्ता विकतात, लाखांचे हिशेब होतात. त्या हिशेबाला बसणाऱ्या बायका मी पाहिल्यात, बोटांवर धरून सगळं तोंडपाठ. ताई, नेपाळमध्ये लढणाऱ्या बायकांचं पुढे काय झालं?

काटोलकरीण
२६ ऑक्टोबर, सकाळी ७.१०

तुमचा प्रतिसाद रात्रीच वाचला, पण उत्तर घाईत द्यायचं नव्हतं.

करारानंतर संयुक्त राष्ट्रांच्या पथकाने माओवादी छावण्यांत तपासणी केली. १९,६०२ लढवय्ये पात्र ठरले, त्यात ३,८४६ बायका. पाचांतली एक. त्या छावण्यांत पाच-सहा वर्षं राहिल्या, तिथेच लग्नं झाली, मुलं झाली. २०१२ मध्ये छावण्या मिटल्या तेव्हा बहुतेकींनी एकरकमी पैसे घेतले आणि बाहेर पडल्या. सैन्यात शिरल्या त्या फार थोड्या. ज्यांनी जातीबाहेर लग्न केलं होतं त्यांना सासरही नाही, माहेरही नाही. काही मोजक्या वर पोहोचल्या. ओनसरी घर्ती मगर माओवाद्यांच्या बाजूने लढल्या आणि २०१५ मध्ये संसदेच्या पहिल्या महिला सभापती झाल्या. पण ज्या हजारोंनी तुकड्या चालवल्या त्यांची ती सवय, ते धाडस, कोणी वापरलं नाही. फार मोठं नुकसान झालं असं मला वाटतं, त्यांचंही आणि देशाचंही. तुमच्या भागात अजून वेळ गेलेली नाही. ग्रामसभेचं निमंत्रण लेखी जावं, नावानिशी, एवढ्यापासून सुरुवात करता येईल.

सक्करदरा
२६ ऑक्टोबर, सकाळी ११.४५

चर्चा फार चांगली चाललीय. मी एक घरचा आकडा ठेवतो. अनसूयाबाई काळे १९३७ मध्ये मध्य प्रांत-वऱ्हाडच्या विधानसभेच्या उपसभापती होत्या. बघा, तिथेही दुसरीच खुर्ची. १९५२ आणि १९५७ मध्ये त्या नागपुरातून लोकसभेवर गेल्या. त्यांच्यानंतर आजतागायत नागपूरने एकही बाई लोकसभेत पाठवलेली नाही. आणि हे तेच गाव आहे जिथे जुलै १९४२ मध्ये सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित महिलांची अखिल भारतीय परिषद भरली होती. २०२३ मध्ये लोकसभा-विधानसभेसाठी ३३ टक्क्यांचा कायदा झाला, पण जनगणना आणि मतदारसंघांची फेररचना झाल्यावर तो लागू होणार. तोपर्यंत आपण थांबायचं.

महापालिकेचं तर सगळ्यांना ठाऊक आहे. मार्च २०२२ पासून या ऑक्टोबर २०२५ पर्यंत प्रशासकच. १५१ जागा, त्यातल्या निम्म्या बायकांच्या, आणि साडेतीन वर्षं एकही नगरसेविका नाही. निवडणूकच नसेल तर आरक्षण कशात मोजायचं?

माझा मुद्दा चक्रानुक्रमाचा आहे. आपल्याकडे सोडत निघते आणि पाच वर्षांनी वॉर्ड बदलतो. बाई कारभार शिकते तोवर तिचा वॉर्ड खुला होतो आणि पक्ष म्हणतो, ताई, आता ही जागा बायकांची नाही. नेपाळमध्ये वॉर्डातल्या दोन जागा कायमच्या आहेत, फिरत नाहीत. ती पद्धत आपल्यापेक्षा चांगली नाही का?

काटोलकरीण
२६ ऑक्टोबर, दुपारी २.३०

यावर माझं मन अजून दोन्हीकडे ओढतं. अछामची वहिनी दोनदा निवडून आली ती जागा फिरत नाही म्हणूनच. पण म्हणूनच तिला कोणी वॉर्ड अध्यक्षपदाचं विचारत नाही, तुमची जागा आहे ना ठरलेली, असं म्हणतात. आपल्याकडे सरपंचपदच फिरतं, त्यामुळे पहिली खुर्ची बाईच्या वाट्याला येते. नेपाळने ७५३ पैकी निम्म्या प्रमुखांच्या जागा अशा आळीपाळीने राखल्या असत्या तर १८ चा आकडा आलाच नसता. आपण जागा दोन मुदतींनी फिरवावी असं माझं मत झालंय. दहा वर्षांत बाई पक्की होते. आमच्या नरखेडकडच्या एका माजी सरपंचबाई खुल्या जागेवर पुन्हा निवडून आल्या, पण अठरा वर्षांत अशा मी बोटांवर मोजण्याइतक्याच पाहिल्या.

लोकसभेचं तुम्ही लिहिलंत, नेपाळचंही तसंच आहे. २०२२ मध्ये थेट निवडणुकीच्या १६५ जागांवर ९ बायका जिंकल्या. ३३ टक्के पुरे केले ते पक्षांच्या यादीतून. यादीतून आलेल्या बाईला सहकारीसुद्धा दुय्यम समजतात, मतदारसंघ नाही म्हणून विकासनिधीच्या चर्चेत तिला बसवत नाहीत.

महालवासी
२६ ऑक्टोबर, सायंकाळी ६.१५

ताई, डोंगलचं वाचल्यापासून डोक्यातून जात नाहीये. माझी सून कळमेश्वर तालुक्यात माहेरच्या गावी सदस्य होती, लग्नाआधी. तिला आज विचारलं, तू काय करायचीस मीटिंगमध्ये? म्हणाली, बाबा, प्रोसिडिंग बुक घरी यायचं, मी स्वयंपाकघरात सही करायची. नऊ वर्षं ती आमच्या घरात आहे, मी हे कधी विचारलं नव्हतं. ती आता प्रभागातून उभं राहायचं म्हणतेय. तुमच्या प्रशिक्षणाला शहरातली बाई चालते का?

काटोलकरीण
२६ ऑक्टोबर, सायंकाळी ६.५०

चालते म्हणजे काय, घेऊन या. पुढच्या बुधवारी पारशिवनीला आहे, सकाळी ११ ते ४. जेवण तिथेच. सोबत आलेल्या पुरुषांसाठी शेजारच्या खोलीत वेगळं सत्र ठेवतो, दुपारपर्यंत मधलं दार बंद असतं. तुम्हीही या दादा, तिथे बसा. सुनेला म्हणावं, येताना एक कोरी वही आण. पहिल्या तासाला आम्ही ठराव लिहायला शिकवतो, सूचक आणि अनुमोदकाच्या नावांसकट, स्वतःच्या अक्षरात.